जादू त्यांची, जखम आमची?

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक पालक आमच्या शाळेत आले. मंडईत त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा आहे. मुलगी नववीत. तिच्या अभ्यासाची चौकशी करायला ते अधूनमधून येतात, आणि असे पालक उर्दू शाळेच्या नशिबी फारसे नसतात, म्हणून आम्हाला त्यांचा आदर आहे. त्या दिवशी मात्र ते खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, सुना है आप बच्चियों को जादू सिखा रे?"

आम्ही जादू शिकवत नाही. आम्ही उर्दू शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. पण शनिवारच्या शेवटच्या तासाला, जेव्हा मुलींचे लक्ष दप्तराच्या पट्ट्यावर असते, तेव्हा आम्ही एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगत होतो आणि त्या कादंबरीत जादूगर होते, हे खरे. तक्रार मुख्याध्यापकांकडून वर गेली. आठ दिवसांत आमच्या हाती पत्र आले की अभ्यासक्रमाबाहेरच्या गोष्टी वर्गात सांगू नयेत. पत्र देणाऱ्यांपैकी कोणीही ते पुस्तक हातात घेतले नव्हते. घेतले असते तर पत्र आले नसते, असा आमचा दावा नाही. पण मग पत्रात एखादे कारण तरी लिहिले गेले असते.

त्या पत्राचे उत्तर आम्ही एका शब्दात दिले आहे : 'आदेशाप्रमाणे'. नोकरी आहे, घरी माणसे आहेत. हा लेख त्या पत्रासाठी नाही. तो या कादंबरीच्या वाचकांविषयी आहे, आणि त्याहून अधिक न वाचताच मत देणाऱ्यांविषयी. अमेरिकेत ती ज्यांना खटकली त्यांची कारणे आणि आपल्याकडे ती ज्यांना खटकली त्यांची कारणे आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि आमची झोप उडाली.

कादंबरीचे नाव 'द फिफ्थ सीझन', म्हणजे पाचवा ऋतू. लेखिका एन. के. जेमिसिन, अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका, जन्म १९७२. पुस्तक २०१५ साली आले. पुढे आणखी दोन भाग येऊन त्रयी पूर्ण झाली. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आम्ही पहिला भाग आणला आणि शब्दकोश मांडीवर घेऊन तीन महिन्यांत वाचला. आमचे इंग्रजी उर्दू माध्यमाचे आहे, त्यामुळे वेळ लागतो. पण वेळ लावून वाचलेले पुस्तक विसरत नाही.

गोष्ट अशी. एक भलामोठा भूखंड आहे, त्याचे नाव स्थिरतेवरून पडले आहे, आणि तिथली जमीन कधीच स्थिर नसते. दर काही पिढ्यांनी भूकंप, ज्वालामुखी, राखेचे ढग, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे न संपणारा हिवाळा. तोच पाचवा ऋतू. कादंबरीच्या सुरुवातीलाच एक माणूस साम्राज्याच्या सर्वांत जुन्या शहराखालची जमीन फाडतो. शहर संपते, जग संपू लागते. त्याच सुमारास दूरच्या एका गावात एक बाई घरी येते आणि तिला आपला लहानगा मुलगा मारलेला दिसतो. मारणारा त्याचा बाप. कारण मुलात 'ते' होते. ती बाई गावातल्या पोरांना शिकवणारी शिक्षिका असते, हे वाचून आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

'ते' म्हणजे काय? काही माणसे जन्मतः अशी असतात की जमिनीतली हालचाल त्यांना कळते आणि ती त्यांना रोखताही येते. भोवतालची उष्णता ओढून घेऊन ते भूकंप थोपवतात. त्यांना ऑरोजीन म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी त्यांच्यासाठी एक शिवी आहे. त्यांच्यावाचून साम्राज्याची राजधानी एक दिवस उभी राहिली नसती. तरी गावात असे मूल निघाले की गाव त्याला ठार मारते. ज्या मुलाचे नशीब बरे त्याला राखणदार येऊन घेऊन जातो, एका शिस्तीच्या शाळेत घालतो, तिथे त्याचे जुने नाव जाते आणि त्याला एखाद्या दगडाचे नाव घ्यावे लागते. दमाया नावाच्या मुलीला तिचे आईबाप थंडीत कोठारात कोंडतात आणि राखणदाराच्या हवाली करतात. राखणदार मोठ्या मायेने बोलतो. वाटेत घोड्यावर तो तिच्या हाताची हाडे मोडतो, ती स्वतःवर ताबा ठेवते की नाही हे पाहण्यासाठी, आणि मोडताना सांगतो की मी तुझ्यावर प्रेम करतो.

आणखी एक गोष्ट. या जगात माणसाच्या नावापुढे त्याची कामजात लावतात. कणखर, राबणारे, प्रजा वाढवणारे, नवे शोधणारे, पुढारी. मग गावाचे नाव. आमच्या हजेरीपटावर बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, मोमीन अशी नावे आहेत. मुलींना हा भाग समजावून सांगावा लागला नाही.

आता अमेरिकेतल्या नाराज वाचकांकडे येऊ. तिकडे विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथांसाठी ह्यूगो नावाचा जुना पुरस्कार आहे आणि त्याचा निकाल वाचकांच्या मतदानाने लागतो. २०१३ पासून तिथे एक गट उभा राहिला. त्यांनी स्वतःला 'दुःखी पिल्ले' असे विनोदी नाव घेतले, पण काम विनोदी नव्हते. आपल्या पसंतीच्या नावांची यादी करून गठ्ठा मतदान करायचे. २०१५ साली त्यांच्या याद्यांनी नामांकने इतकी भरली की बाकीच्या मतदारांनी पाच विभागांत 'पुरस्कार कोणालाच नको' असा कौल दिला. गटाचे म्हणणे काय होते? त्यांच्या एका पुढाऱ्याने न्याहारीच्या खोक्याचा दाखला दिला होता. वर्षानुवर्षे तुम्ही खोक्यावरचे चित्र पाहून एकच खाणे घेता, आणि एके दिवशी खोके तेच, पण आत भलतेच निघते. पूर्वी मुखपृष्ठावर अंतराळयान असले की आत अंतराळयान असायचे. आता आत वंशभेद, स्त्रिया, शोषण निघते. आम्हाला गोष्ट द्या, गाऱ्हाणे देऊ नका.

जेमिसिन यांच्या वाट्याला तर याहून थेट शब्द आले होते. २०१३ साली ऑस्ट्रेलियात एका संमेलनात त्यांनी या साहित्यातल्या वंशभेदावर भाषण केले. त्यावर एका लेखकाने त्यांना अर्धरानटी म्हणावे इतपत मजल गेली. लेखकांच्या संघटनेने त्याच वर्षी त्याला काढून टाकले. आणि मग 'द फिफ्थ सीझन'ला २०१६ चा ह्यूगो मिळाला, दुसऱ्या भागाला २०१७ चा, तिसऱ्याला २०१८ चा. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका, आणि तो लागोपाठ तीन वर्षे मिळवणाऱ्या पहिल्या लेखक. तिसऱ्या वेळी मंचावर त्यांनी सरळ सांगितले की दुसऱ्यांना पुरस्कार मिळाला की ती गुणवत्ता ठरते आणि आमच्यासारख्यांना मिळाला की ते अस्मितेचे राजकारण ठरते. हे वाक्य आपल्याकडच्या कोणत्याही राखीव जागेवर बसलेल्या डॉक्टराला नवे वाटणार नाही.

यात एक सुखाची गोष्टही आहे, ती सांगितलीच पाहिजे. जेमिसिन व्यवसायाने समुपदेशक होत्या, नोकरी करून रात्री लिहीत. २०१६ साली त्यांच्या वाचकांनी दरमहा थोडे थोडे पैसे द्यायचे ठरवले आणि त्यांना नोकरी सोडून लिहिता आले. वाचकाचा अभिप्राय असाही असू शकतो. आपल्याकडे वार्षिकाची वर्गणी मागायला फोन केला की माणूस नेमका अजानच्या वेळेची सबब सांगतो.

पण या नाराज मंडळींच्या मागणीत काय होते, ते नीट पाहा. जादू त्यांना हवीच होती. शहरे उद्‌ध्वस्त व्हावीत, जमीन फाटावी, जादूगरांची झुंज व्हावी, हे सगळे हवे होते. फक्त त्या जादूगराच्या हाताची हाडे मोडल्याचे सांगू नका. सांगितलेत तरी त्याची आठवण आमच्या इतिहासाशी जोडू नका. आता ही जोडणी तोडायची कशी? कादंबरीत एक आई आपले मूल राखणदारांच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच मारते. अनेक वाचकांना हा प्रसंग असह्य झाला, ही अतिशयोक्ती वाटली. अमेरिकेतच १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री पळून गेली असता पकडणारे दारात आले, तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला मारले, पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून. टोनी मॉरिसन यांची १९८७ ची 'बिलव्हेड' ही कादंबरी तिच्यावरूनच सुचली. ज्यांच्या देशात हे घडले त्यांना ते कादंबरीत अतिशयोक्ती वाटते!

सगळ्याच तक्रारी मात्र खोट्या नव्हेत. पुस्तक अवघड आहे. नवे शब्द इतके की मागे शब्दसूची जोडावी लागली आहे. तीन स्त्रियांच्या तीन कथा वेगवेगळ्या चालतात आणि त्या एकच स्त्री आहेत हे फार उशिरा कळते. मुलांवरची क्रूरता काही ठिकाणी छाती दडपून टाकते. तिघांच्या एका संसाराचे जे चित्रण आहे ते आपल्यातल्या पुष्कळ वाचकांना रुचणार नाही, आम्हीही मुलींना तो भाग सांगितला नाही, आणि वाचून 'हे आम्हाला पटत नाही' असे कोणी म्हटले तर आम्ही त्याचा हात धरणार नाही. त्याने वाचले आहे. त्याचा तो हक्क आहे.

एका तक्रारीवर मात्र आम्हाला थांबायचे आहे, कारण तिचे उत्तर आम्हाला भाषेत सापडले. मुलगा मारला गेलेल्या त्या बाईची कथा लेखिका 'ती'ने सांगत नाही, 'तू'ने सांगते. तू घरी आलीस, तू बघितलेस. यावर कितीतरी वाचक वैतागले. आम्हाला 'तू' म्हणणारी ही कोण? आम्ही ती बाई नाही, आम्हाला तिच्या जागी ढकलू नका.

इंग्रजीत बिचाऱ्यांना एकच शब्द आहे. आम्ही वर्गात उर्दूत सांगणार, म्हणजे तू, तुम, आप यांतून निवडणे आले. दोन दिवस डोके खाजवले. 'आप' म्हटले की मध्ये टेबल येते. 'तू' म्हटले तर मुली हसल्या असत्या. शेवटी 'तुम' ठरवले. पण मराठीत सांगायचे झाले तर 'तू'च म्हणावे लागेल, आणि मराठीतल्या 'तू'ला दोन घरे आहेत. एक आईचे, मित्राचे, अल्लाहला हाक मारतानाचे. दुसरे कोणते, ते आम्हाला बी.एड.ला असताना कळले. शहरात खोली शोधत होतो. फोनवर घरमालक अदबीने बोलत होते : तुम्ही कधी येता, तुम्हाला किती वाजता जमेल. शेवटी त्यांनी नाव विचारले. आम्ही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता, मग प्रश्न आला, "तू कुठला?" खोली त्याच मिनिटाला दुसऱ्या कोणाला दिली गेली होती.

ज्यांना आयुष्यात या दुसऱ्या घरातला 'तू' कधी ऐकावा लागला नाही, त्यांना कादंबरीतला 'तू' टोचणारच. लेखिकेने चारशेहून अधिक पानांसाठी त्यांना त्या जागेवर उभे केले. आणि गंमत अशी की हा 'तू' म्हणणारा कोण हे शेवटी उघड होते, तेव्हा कळते की तो तिचा तिरस्कार करणारा नाही, तिच्यावर जीव असणारा आहे. म्हणजे तो पहिल्या घरातला 'तू' होता. अर्ध्यावर पुस्तक फेकणाऱ्याला हे कधीच कळले नसणार.

आता आपल्या घरात येऊ. इथे आम्हाला तीन तऱ्हेच्या प्रतिक्रिया मिळाल्या आणि तिन्ही देणारे एकमेकांशी सहसा बोलत नाहीत.

पहिले आमचे पालक. जादू हराम आहे, मुलींच्या कानावर कशाला? सिहर हराम आहे, यात आमचा वाद नाही. पण हेच पालक रमजानमध्ये मुलांना हजरत मूसा आणि फिरऔनचा किस्सा सांगतात. त्यात जादूगर आहेत की नाहीत? दोऱ्या-काठ्या टाकणारे तेच जादूगर पुढे सजद्यात पडतात, आणि फिरऔन हातपाय तोडण्याची, सुळावर चढवण्याची धमकी देतो तरी मागे हटत नाहीत. किस्सा ऐकून आजवर कोणत्या मुलाने काठीचा साप करायला घेतला? कादंबरीतले लोक तर मंत्र म्हणत नाहीत, जिन्नांना बोलावत नाहीत. ते तसे जन्मले आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा. पालकांना हे सांगायला आम्हाला पाच मिनिटे पुरली असती. त्यांनी पाच मिनिटे दिली नाहीत. आणि ही फक्त आपली खोड आहे असेही नाही. हॅरी पॉटरची पुस्तके २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका चर्चच्या लोकांनी जाळली होती. न वाचता घाबरणे ही सर्वधर्मीय गोष्ट आहे.

दुसरे आमचे पुरोगामी मित्र. त्यांचे म्हणणे, ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि मगच जादूटोणाविरोधी कायदा येऊ शकला, तिथे शिक्षकाने जादूच्या गोष्टी सांगाव्यात? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण करणी केली म्हणून एखाद्या म्हातारीला गावाने मारणे आणि कादंबरीत मुलाला 'तसा' म्हणून बापाने मारणे, यात लेखिका कोणाच्या बाजूने उभी आहे, ते तरी बघाल की नाही? भूगर्भाचा, खगोलाचा अभ्यास करून तिने ते जग रचले आहे. भोंदूबाबाला त्यात जागा नाही.

तिसरी प्रतिक्रिया आम्हाला सर्वांत लागली, कारण ती या पानांच्या वाचकांपैकी एका ज्येष्ठाची आहे. ते म्हणाले, "आपल्या समाजाचे प्रश्न सोडून अमेरिकेतल्या जादूगरांचे कौतुक कशाला? मुस्लिम मराठी साहित्याला हे परवडणारे नाही." १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हा आमच्यातले काही जन्मलेही नव्हते. त्या पिढीने आपली जखम मराठीत मांडायची जागा मिळवली, ती फुकट मिळाली नाही, हे आम्ही जाणतो. दंगल, घरभाडे, गरिबी, तलाक हे विषय संपले असेही आम्ही म्हणत नाही.

पण एक घडलेली गोष्ट ऐका. आमच्या एका मित्राने एक कथा लिहिली. त्यात एका दुष्काळी गावातल्या विहिरी रात्री एकमेकींशी बोलतात आणि कोणत्या घराला पाणी द्यायचे ते ठरवतात. त्याने ती एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचे उत्तर आले : कथा छान आहे, पण यात मुस्लिम अनुभव कुठे आहे? मोहल्ल्याचे वातावरण येऊ द्या. मित्राने मग ती आपल्याच लोकांच्या एका अंकाला दिली. उत्तर आले : कथा छान आहे, पण यात आपल्या समाजाचा प्रश्न कुठे आहे? दोन्ही पत्रे त्याने आम्हाला दाखवली. कागद वेगळा, शाई वेगळी, वाक्य एकच.

आमचे भांडण या वाक्याशी आहे. अमेरिकेतल्या त्या गटाला जादू हवी होती, जखम नको होती. आपल्याकडच्या सगळ्यांना आमची जखम हवी आहे, जादू नको. तिथे कृष्णवर्णीय लेखिकेला सांगतात की या दालनात तुझे दुःख आणू नकोस. इथे मुसलमान लेखकाला सांगतात की तुझ्या दुःखाच्या खोलीतून बाहेर पडू नकोस. कल्पनेचा कारखाना दुसऱ्याचा, आपण फक्त कच्चा माल पुरवायचा. आणि हा हुकूम बाहेरच्याने दिला तर आपण त्याला अन्याय म्हणतो, घरातल्या ज्येष्ठाने दिला तर बांधिलकी म्हणतो.

आणि हे सांगतो कोणाला, तर ज्यांच्या भाषेत 'तिलिस्म-ए-होशरुबा' आहे त्यांना! लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून तिचे जाडजूड खंड छापले. मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांनी ती लिहिली. जादूगरांचा बादशहा अफ्रासियाब, जादूची शहरे, आणि ती सगळी जादू आपल्या झंबिलीत कोंबणारा अमर अय्यार. दिल्लीचे अखेरचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले, तोवर ही दास्तान माणसे बसून ऐकत होती. मराठी वाचकालाही हा रस परका नव्हता, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्याच होत्या.

मग हा तिटकारा आला कुठून? उर्दू शिकलेल्या कोणालाही डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' आठवेल. १८७० च्या दशकातली कादंबरी. दिल्लीत हैजा पसरतो, नसूह आजारी पडतो, स्वप्नात कयामतचा हिशोब बघून जागा होतो आणि घर सुधारायला निघतो. सुधारता सुधारता तो थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळतो. दास्ताने, शायरी, सगळे. या कादंबरीला त्या काळच्या इंग्रज सरकारने इनाम दिले. आम्ही नजीर अहमदांना कमी लेखत नाही, त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी जे लिहिले ते कोण लिहीत होते? पण त्या चितेचा धूर आपल्या समाजाच्या डोळ्यांत अजून आहे. पुस्तक उपयोगाचे हवे, बोध देणारे हवे. आम्हालाही बी.एड.ला हेच शिकवले की पाठ संपला की फळ्यावर लिहा : या पाठातून तुम्ही काय शिकलात? इतकी वर्षे आम्ही ते लिहीत आलो. त्या शनिवारी लिहिले नाही, म्हणून मुली बोलल्या.

त्या काय बोलल्या ते आता सांगतो.

आमचा तालुका किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची गोष्ट या मुलींच्या आज्या अजून सांगतात. जमीन थोपवणारे लोक कोण, हे आम्ही सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नाही, म्हणाली, "सर, किल्लारी में ऐसा एक बी रैता तो?" वर्ग गप्प झाला. मग खिडकीजवळची म्हणाली, "रैता तो लोगां उसकूच पैले मारे रैते. बोलते, इसनेच हलाया." या दोन वाक्यांपुढे आम्ही त्या कादंबरीवर वाचलेली परीक्षणे फिकी आहेत. एकीने जादू बघितली, दुसरीने जखम, आणि दोघींना ती एकाच जागी दिसली. कोणी शिकवले नव्हते.

दमायाच्या आईवर तर वाद झाला. तिने पोरगी का दिली? कोणी म्हणाले, घाबरली. कोणी म्हणाले, बाकीची पोरे वाचवली. एकीने विचारले, "और वो सर, जो हात तोड कू प्यार बोला, उसकू क्या बोलना?" आम्ही उत्तर दिले नाही. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने मान खाली घातली होती, आणि त्या दिवशी तास संपल्यावर ती आमच्याशी बराच वेळ काही बोलली. ते इथे लिहिण्यासारखे नाही. समाजाचा प्रश्न कुठे आहे असे विचारणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना एवढेच सांगतो की तो तिथे होता, आणि 'समाजातील स्त्रियांचे प्रश्न' या निबंधातून वर्षभरात तो कधी बाहेर आला नव्हता.

सातव्या शनिवारी पत्र आले. गोष्ट अर्धी राहिली. मुली व्हरांड्यात गाठून म्हणायच्या, सर, शेवट तरी सांगा. एकदा आम्ही उभ्या उभ्या सांगून टाकला. जमीन फाडणारा तो माणूस मरणाच्या दारात पडलेला असतो आणि त्या बाईला विचारतो की चंद्र नावाच्या वस्तूबद्दल तू कधी ऐकले आहेस का. आणि तिने ऐकलेले नसते. सबंध पुस्तकात आकाश येते, तारे येतात, चंद्र कुठेच येत नाही, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

मुली बघत राहिल्या. मग एक म्हणाली, "चाँदच नै? फिर ईद कैसी करते वो लोगां?" दुसरी म्हणाली, "फिर तो रमजान खतमच नै होता!" आणि सगळ्या हसत सुटल्या.

त्यानंतर महिनाभराने आम्ही मंडईत गेलो होतो. तक्रार करणाऱ्या पालकांचा गाळा टाळून पुढे जात होतो, तर त्यांनीच हाक मारली. दोन किलो कांदे तोलले. पिशवीत ओतताना इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "सर, वो चाँद मिला क्या फिर उन लोगों को? बच्ची चार दिन से पूछ रही."

आम्ही म्हटले, "और दो किताबां हैं."

"कित्ती जाडी?"

आम्ही बोटांनी दाखवली. त्यांनी एक कांदा वर टाकला आणि पैसे घेतले. शाळेचे पत्र अजून फायलीत आहे.